जाताना साडेदहा, येताना सव्वानऊ

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी हिंगोलीच्या आसपासच्या रस्त्यांवर गाडी चालवली. त्यातली बरीच वर्षं तर हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची. रिटायर होऊन आता नऊ वर्षं झाली, सेनगावला घर आहे, थोडं शेत आहे, पण त्यांच्या अंगातला ड्रायव्हर काही उतरला नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो. जीपमधे ते पुढेच बसतात आणि वळण आलं की तोंडातल्या तोंडात म्हणतात, "हां, सावकाश, सावकाश." जीपवाले त्यांना ओळखतात, म्हणून ऐकून घेतात.

म्हणून माझी धाकटी बहीण त्यांना लंडनला बोलवायची, तेव्हा ते एकच उत्तर द्यायचे. "धा तास दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन मी मागं बसू? आन त्यो डायवर मला दिसणार बी न्हाई?"

बहीण तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं बाळंतपण झालं तेव्हा आमची माय तिकडे जाऊन आली होती, एकटी. शाळेचं तोंड न पाहिलेली, आयुष्यभर कापूस वेचलेली आणि सोयाबीन कापलेली बाई. मी तिला एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून दिलं होतं की हिला फक्त मराठी येतं, हिला अमुक ठिकाणी जायचं आहे, हिला मदत करा. ती तो पुठ्ठा गळ्यात अडकवून गेली आणि चार महिन्यांनी जाडजूड स्वेटर घालून परत आली. तेव्हापासून घरात प्रवासाचा विषय निघाला की ती म्हणायची, "मला इचारा. मी जाऊन आले." बाबा उठून शेताकडे निघायचे. हे त्यांना लागत होतं, हे आम्हा दोघी बहिणींना कळत होतं.

नात दोन वर्षांची झाली. फोनवर ती आजीला ओळखायची, हात हलवायची, आणि बाबा पुढे आले की आईच्या मागे तोंड लपवायची. एकदा असं झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा बाबा फोन मायकडे देऊन बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळानं आत येऊन मला म्हणाले, "बाई, दिवाळीच्या सुट्टीत तू येती का संगं? दोघं जाऊन येऊ."

मी शिरड शहापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सुट्टीला जोडून रजा काढली. पासपोर्ट, व्हिसा, बोटांचे ठसे, यात दोन-अडीच महिने गेले. शेवटी बहिणीनं तिकिटं पाठवली. मी त्यांचे कागद काढून सेनगावला नेले. बाबांनी चष्मा लावला आणि वेळापत्रक वाचायला घेतलं, जसं डेपोत नवीन ड्युटी लागल्यावर वाचायचे.

"हैदराबादहून सुटणार सात पंचेचाळीस," ते म्हणाले. "लंडनला पोचणार बारा पंचेचाळीस. पाच तासात?"

"मला तर लय वेळ लागला व्हता," चुलीपाशी बसलेली माय म्हणाली. "दोनदा जेवन दिलं त्यांनी."

मी त्यांना सांगितलं की दोन्हीकडची घड्याळं वेगळी आहेत. तिथे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. म्हणजे पाच तास नाही, साडेदहा तास. बाबांना ते लगेच पटलं. मग त्यांनी परतीचा कागद घेतला. लंडनहून दुपारी दोनला सुटणार, हैदराबादला पहाटे पावणेपाचला. पेन्सिलीनं त्यांनी कागदाच्या कडेला काहीतरी मांडलं, खोडलं, परत मांडलं.

"सव्वानऊ," ते म्हणाले. "जाताना साडेधा आन येताना सव्वानऊ. रस्ता तोच, गाडी तीच. सव्वा तासाचा फरक. काहून?"

भूगोलाची बाई मी. मला उत्तर यायलाच हवं होतं. मी म्हणाले, "बाबा, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना. विमान वर गेलं की खाली जमीन फिरत राहते. म्हणून तसा फरक पडतो."

हे बोलताना माझा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता. वर्गात कधी एखाद्या मुलीनं हे विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि तिनं ते वहीत लिहूनही घेतलं असतं.

बाबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "जमीन पूर्वेकडं फिरती म्हन्तीस. मंग पूर्वेकडं जाताना जमीन बी पुढं पुढं पळंल की. उलट जास्ती वेळ लागंल."

मी कागद उलटून पाहिला.

"आन दुसरं आसं," ते म्हणाले, "सेनगावहून हिंगोली पूर्वेला हाय. इतके वर्सं मी सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. मला पाच मिंटांचा बी फरक पडला न्हाई कधी. पडला तर ते कापसाच्या ट्रॅक्टरमुळं."

"बाबा, गाडी जमिनीवर असते. विमान हवेत असतं."

"मंग हवा काय जमिनीला सोडून ऱ्हाती का? कबुतर उडतं, ते मागं पडतं का?"

माय हसायला लागली. मी म्हणाले, बघून सांगते. पण शाळेच्या गडबडीत ते राहूनच गेलं. खरं म्हणजे बघायला थोडी लाज वाटत होती.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. नांदेडहून रेल्वेनं हैदराबादला आदल्या दिवशी पोचलो, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे उतरलो, सकाळी लवकर विमानतळावर गेलो. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, वर मायनं बळजबरीनं दिलेला तिचा लंडनचा स्वेटर. खिशात एक छोटी डायरी. त्यात त्यांनी घरातून निघाल्यापासूनच्या वेळा लिहिल्या होत्या: सेनगाव सोडलं कधी, हिंगोली कधी, नांदेडला गाडी किती मिनिटं उशिरा आली.

आमच्या तीन सीटांच्या रांगेत खिडकीपाशी एक साठीच्या पुढची बाई बसली होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात जपमाळ. मी बाबांना मधे बसवायला लागले तर ती माझा हात धरून म्हणाली, "बेटा, मेरेकू खिडकी नक्को. नीचे दिखता तो जान निकल जाती. मैं बीच में बैठती, तुम दोनो बाजू से बैठो."

बाबांना काय, तेच हवं होतं. ते खिडकीशी गेले, ती मधे, मी बाहेरच्या सीटवर.

आमच्याकडे निजामाच्या वेळचे शब्द अजून बोलण्यात आहेत आणि हिंगोलीच्या बसस्टँडवर उभं राहिलं की हीच दखनी बोली कानावर पडते. त्यामुळे बाबांची आणि त्या अम्माची पाचच मिनिटांत गट्टी जमली. ती हैदराबादची. मुलगा लंडनला, सून तिथलीच, तीन वर्षांनी भेटायला निघाली होती. पहिल्यांदा गेली तेव्हा नवरा सोबत होता. आता नवरा नाही. बाबा तिला म्हणाले, "डरो नक्को अम्मा. मैं भी ड्रायवर हूं." तिला ते ऐकून खरंच धीर आला. विमान बाबा चालवणार नव्हते, हे तिच्या लक्षात आलं असेलच, तरी आला.

विमान उडालं. बाबांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला मी पाहिला. वर गेल्यावर त्यांनी तो हळूच उचलला.

समोरच्या सीटच्या पाठीला छोटा पडदा होता. त्यावर मी त्यांना नकाशा लावून दिला आणि त्यानंतर साडेदहा तास त्यांनी दुसरं काही पाहिलं नाही. छोटंसं विमान नकाशावर सरकत होतं. लंडन किती किलोमीटर उरलं, वेग किती, उंची किती, बाहेर थंडी किती, हे आळीपाळीनं येत होतं. बाबा डायरीत उतरवून घेत होते. सरळ रेघ मारली तर हैदराबाद ते लंडन पावणेआठ हजार किलोमीटरच्या आसपास. पण आमची रेघ सरळ नव्हती. समुद्र ओलांडला, आखातावरून गेलो, मग रेघ एकीकडे झुकली.

"रस्ताच न्हाई तर वळन काहून घेऊन राहिले?" बाबांनी विचारलं.

"काही देशांवरून जाऊ देत नाहीत, बाबा. भांडणं चालू असतात."

"म्हंजी वर बी हाय म्हना रस्ता बंद," ते म्हणाले आणि त्यांनी तेही लिहिलं.

दुपारच्या जेवणाचे डबे गोळा करून झाल्यावर बाबांनी अम्माच्या मागून हात घालून माझ्या खांद्याला टोचलं. "बाई, ह्ये काय लिहिलंय? वाच."

मी वाकून वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं की समोरून वारा आहे, ताशी शंभरच्या वर.

आणि त्या क्षणी मला नववीच्या पुस्तकातलं पान आठवलं. खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारे वारे. मी ते दरवर्षी शिकवते. त्यांचं नाव फळ्यावर लिहिते, खाली रेघ मारते. विमानाला ते लागत असतील हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. पृथ्वीचा काही संबंध नाही. वारा आहे. जाताना समोरून, येताना पाठीमागून."

बाबा मला हसतील, असं वाटलं होतं. पण त्यांनी फक्त मान हलवली. "आसंच आसंल. सायकलीवर हट्टा गावाला जायचो लहानपनी मामाकडं, तवा वारं समोर आसलं की आर्धा दिवस जायचा." मग ते अम्माला ती सगळी गोष्ट दखनीत सांगायला लागले. अम्मा म्हणाली, "हौ, सही बात है जी," आणि जपमाळ ओढत राहिली.

आम्ही सूर्याच्या मागे मागे चाललो होतो. माझ्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले तरी बाहेर लख्ख दुपार होती. बाबांना त्याची फार मौज वाटली. "दिवस मावळंनाच," ते दोनतीनदा म्हणाले.

मग विमान खाली यायला लागलं. घोषणा झाली की लंडनला धुकं आहे, थोडा वेळ वरच थांबावं लागेल. नकाशावर आमचं छोटं विमान गोल फिरायला लागलं. एक गोल, दोन गोल. लोक घड्याळं बघायला लागले. तिसऱ्या गोलानंतर आम्ही परत खाली निघालो. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. चाकं बाहेर आल्याचा धडधड आवाज झाला. आता टेकणार, आता टेकणार असं वाटत असताना एकदम इंजिनांनी मोठ्यानं आवाज केला, पाठ सीटला दाबली गेली आणि विमान तोंड वर करून परत चढायला लागलं.

कुणी ओरडलं नाही. पण इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. मागे कुठेतरी एक लेकरू रडायला लागलं. अम्मानं एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्यानं बाबांचं. "क्या हुआ? ऊपर कायकू चले गया? क्या हुआ जी?"

 मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीला कपाळ लावून बाहेर बघत होते, आणि त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मला आठवतं, मला वाटलं की यांना कळलेलंच नाही काय झालं ते.

"कुछ नहीं हुआ अम्मा," ते म्हणाले. "ड्रायवर को सडक नहीं दिखी. नहीं दिखी तो नहीं उतारा. बराबर किया." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगला डायवर हाय. बळंच न्हाई उतरवली."

तेव्हा मला कयाधू नदीवरचा तो पूल आठवला.

मी दहा वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती म्हणून बाबांच्या गाडीत, त्यांच्या मागच्या सीटवर बसून निघाले होते. पाऊस वरच्या अंगाला झाला होता, आमच्याकडे नुसतं ढगाळ. पुलाशी आलो तर पुलावरून पाणी वाहत होतं. फार नव्हतं, घोटाभर दिसत होतं. बाबांनी गाडी थांबवली, खाली उतरून बराच वेळ पाण्याकडे पाहिलं, परत आले आणि चावी काढून खिशात टाकली.

लोक म्हणाले, जाईल गाडी. बाबा म्हणाले, कडा दिसत नाहीत. अर्धा तास झाला, एक तास झाला. गाडीत लग्नाची माणसं होती, बाजाराची माणसं होती. मग एक जीप आली, थांबली नाही, पाणी उडवत पलीकडे निघून गेली. त्यानंतर काय विचारता. "जीप गेली की! तुला काहून जमंना?" "बायकोला भेतो तसा पान्याला भेतो काय?" कुणी वरच्या साहेबांकडे तक्रार करतो म्हणालं. बाबा बॉनेटवर बसून राहिले. चार तासांनी पाणी उतरलं, पुलाचे दगड दिसले, तेव्हा त्यांनी गाडी काढली. पलीकडे गेल्यावर कुणी त्यांच्याशी एक शब्द बोललं नाही.

मला त्या दिवशी माझ्या बापाची लाज वाटली होती. वाटलं होतं, त्या जीपवाल्यासारखे का नाहीत हे. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

विमानात घोषणा झाली. बाईचा आवाज होता, सावकाश, स्पष्ट बोलत होती. कॅप्टन बोलत होती. धावपट्टी वेळेवर नीट दिसली नाही म्हणून वर घेतलं, यात काळजीचं काही नाही, वीसेक मिनिटांनी परत प्रयत्न करू, इंधन भरपूर आहे. मी ते अम्माला आणि बाबांना सांगितलं.

"बाई चालवून राहिली?" बाबांनी विचारलं.

"हो."

त्यांनी समोरच्या पडद्यावर एकदा नजर टाकली. मग अम्माला म्हणाले, "अम्मा, लेडीज है. डरनेका नहीं. लेडीज कभी जल्दी नहीं करते." अम्मा इतक्या भीतीतही हसली. मग बाबांनी तिला त्या पुलाची गोष्ट सांगितली, स्वतःहून, सगळी. जीप गेली ते, लोक काय बोलले ते. मी कडेला बसून ऐकत होते. "मेरी बेटी भी थी गाडी में," ते म्हणाले, "यही. छोटी थी. इसकू बहुत बुरा लगा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

मी अम्माच्या पाठीमागून हात नेला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.  त्यांनी मान वळवली नाही, फक्त माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जसं गाडीच्या दारावर थोपटून 'चल' म्हणतात तसं.

दुसऱ्या वेळी विमान उतरलं. शेवटच्या क्षणी पांढऱ्यातून एकदम दिवे दिसले आणि लगेच चाकं टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. ते वेळ लिहीत होते.

उतरताना दाराशी कॅप्टन उभी होती. पन्नाशीची, आखूड पांढरट केसांची, ठेंगणी बाई. लोक थँक यू, थँक यू म्हणत पुढे जात होते. बाबा तिच्यासमोर थांबले. मागे रांग थांबली. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाले, "आय ड्रायव्हर. बस. थर्टी वन इयर." मग इंग्रजी संपलं. मला म्हणाले, "सांग तिला, घाई केली न्हाई ते लय चांगलं केलं म्हनावं. लोक चिडतात. त्यांच्याकडं ध्यान द्यायचं न्हाई म्हनावं."

मी सांगितलं. त्या बाईचा चेहरा बदलला. तोवर ती कामाचं हसू हसत होती. आता खरंच हसली. तिनं बाबांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "माझी बावीस वर्षं झाली. म्हणजे तुम्ही मला सीनियर."

तो 'सीनियर' शब्द मला भाषांतर करून सांगावा लागला नाही.

अम्माला न्यायला तिचा मुलगा आला होता. तिनं त्याला बाबांची ओळख करून दिली, "ये ड्रायवर भाई" म्हणून. माझी बहीण कठड्यापलीकडे लेकीला कडेवर घेऊन उभी होती. बाबांना बघून ती रडायला लागली आणि तिला रडताना बघून नातही रडायला लागली. पहिली भेट अशी झाली. दोन दिवस ती पोरगी बाबांकडे आली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला बसमधे नेलं.

तिथल्या दुमजली बसमधे वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसता येतं. समोर सगळी काच, खाली रस्ता. बाबांनी नातीला मांडीवर घेतलं आणि हातात काल्पनिक स्टिअरिंग धरलं. वळण आलं की दोघं मिळून वळवायची. थांबा आला की नात "टिंग" करायची, बस निघाली की "टिंग टिंग". बाबांनीच शिकवलं होतं, एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायची. अठरा दिवस आम्ही तिथे होतो. त्यातले निदान बारा दिवस हे दोघं सकाळी त्या बसनं जायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत, आणि त्याच बसनं परत यायचे. मी सोबत जायचे, मागच्या सीटवर बसायचे. बहिणीनं राजवाडा दाखवला, नदी दाखवली, मोठं घड्याळ दाखवलं. बाबांनी सगळं बघितलं, बरं म्हणाले, आणि उद्या बसनं कधी जायचं ते विचारलं.

एकदा परतीच्या फेरीत मी पुढे वाकून पाहिलं तर नात त्यांच्या छातीवर झोपली होती, आणि बाबाही झोपले होते. मान खाली, तोंड किंचित उघडं. चालत्या गाडीत त्यांना झोपलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आमचा थांबा आला तरी मी उठवलं नाही. दोन थांबे पुढे गेलो, मग उतरून चालत आलो.

येताना वारा पाठीमागून होता. पडद्यावर वेग हजाराच्या वर गेला तेव्हा बाबांनी मला कोपरानं ढोसलं. पोचलो तेव्हा सव्वानऊ तासांना सात मिनिटं कमी होती.

सेनगावला आलो तर मायनं दारातच विचारलं, "लेकरू कसं हाय?" बाबा वाऱ्याचं सांगायला लागले. "वारं मरू द्या. लेकरू कसं हाय, ते सांगा आधी." मग बाबांनी खाली बसून सांगितलं, ती कशी चालते, कशी रुसते, मुठीनं भात कसा खाते. अर्धा तास सांगत होते. मी आयुष्यात त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. माय मधेच म्हणायची, "व्हय, मला ठाऊक हाय," आणि तरी ऐकत राहायची.

आता जानेवारी आहे. रविवारी मी सेनगावला जाते. परवा गेले तेव्हा दोघं शेतात होती, तुरीच्या हिरव्या शेंगा तोडत. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. नात नुकतीच उठली होती, केस विस्कटलेले. आता ती बाबांना बघून तोंड लपवत नाही, आधी त्यांनाच हाक मारते. बाबांनी फोन उंच धरून तिला शेत दाखवलं, विहीर दाखवली, बांधावरची म्हैस दाखवली. मग मायनं फोन मागितला. बाबा म्हणाले, "थांब, अजून लिंबाचं झाड दाखवायचंय." माय म्हणाली, "लिंब काय पळून जातंय का? द्या इकडं." फोन कुणी धरायचा यावरून दोघांची ओढाओढ सुरू झाली. पडद्यावर कधी आभाळ दिसत होतं, कधी मायची बांगडी, कधी तुरीची पानं, आणि पलीकडे ती पोरगी खदाखदा हसत होती. मी बांधावर बसून शेंगा सोलून खात होते. कोवळ्या होत्या, गोड होत्या.